घशात दाणा, आकडी, चुकलेला श्वास... त्या दोन मिनिटांत तुम्ही काय केलंत?

रानजाई | रविवार, रात्री ११:४०

एरवी मी वाचनमात्र असते. आज हात थरथरतोय तरी लिहिते.

लेक नऊ महिन्यांची आहे. काल घरी पाहुणे होते, फराळाची ताटं खालीच मांडलेली. चार वर्षांच्या भाच्याने प्रेमाने तिला चिवड्यातला शेंगदाणा भरवला, हे आम्हाला नंतर कळलं. आधी दिसलं ते इतकंच, की तिने तोंड उघडलं, डोळे मोठे केले आणि हात हवेत झाडले. आवाज नाही. मी हसत होते हो! मला वाटलं वेडावून दाखवतेय. तीन-चार सेकंद गेले असतील, मग ओठ जांभळट दिसले.

पुढे नुसता गोंधळ. सासूबाईंनी घशात बोट घातलं, सासरे 'पाणी पाजा' म्हणून ओरडले, मी पाय धरून उलटी करायला निघाले. नवऱ्याने हिसकावून घेतली, मांडीवर पालथी टाकली आणि पाठीत थापट्या दिल्या. चौथ्या की पाचव्या थापटीला अर्धा दाणा बाहेर पडला आणि ती रडली. ते रडणं ऐकून घरात सगळेच रडले.

तर प्रश्न असे. खरंच जिवावर बेतलंय हे ओळखायचं कसं? घशात अडकणंच नव्हे. आकडी, श्वास, ताप, सगळंच. कधी धावायचं आणि कधी थांबायचं? आणि घरातल्या मोठ्यांना न दुखावता हे सांगायचं कसं?

चकलीचा_साचा | ११:५२

बापरे. वाचतानाच पोटात गोळा आला. आधी पाणी पी आणि झोप. बाळ बरं आहे ना आता?

पारवा७ | ११:५८

नवऱ्याला एक किलो पेढे माझ्यातर्फे.

तिरकस | सोमवार, सकाळी ७:१५

पेढे चालतील, दाणे नकोत.

बालडॉक | ८:०५

रानजाई, पहिली गोष्ट. 'अर्धा दाणा बाहेर पडला' असं लिहिलंय. उरलेला अर्धा कुठे आहे? आज सकाळीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बाळ खेळत असलं तरी. दाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे नुसता एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. डॉक्टरांना घटना जशीच्या तशी सांगा. शंका असेल तर दुर्बीण घालून बघतात.

बाकीचं ओपीडी संपल्यावर लिहितो.

गोदाकाठ | ८:४०

डॉक्टरांना दुजोरा. आमच्या पुतण्याला दीड वर्षाचा असताना ठसका लागला, मग थांबला, सगळे विसरले. पुढे महिनाभर खोकला आणि छातीत घुरघुर. दम्याचं औषध चालू केलं, वाफ दिली, दोन वेळा अँटिबायोटिक झाली. तिसऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून विचारलं, 'एकाच बाजूला आवाज कमी येतोय, काही खाल्लं होतं का?' तेव्हा वहिनीला हुरडा पार्टी आठवली. उजव्या फुफ्फुसातून दाण्याची फाक निघाली. घटना सांगितलीच नव्हती कोणी, कारण कोणाला ती घटना वाटलीच नव्हती.

आजीबाई_सत्तरीतल्या | ९:२२

चार मुलं, सहा नातवंडं वाढवली. आमच्या वेळी असं काही शिकवत नव्हते आणि मुलं मोठी झालीच की. घशात अडकलं की उलटं धरायचं, बोट घालून काढायचं. आता प्रत्येक गोष्टीची भीती घालतात तरुण आयांना. दाण्याच्या कुटाशिवाय आमच्या घरी भाजी होत नाही, मग काय स्वयंपाक बंद करायचा?

तिरकस | ९:३०

आज्जी, कूट चालतो, दाणा अडतो. कुटाचा दोष नाही.

नर्सबाई_मिरज | १०:१०

आजी, राग मानू नका. वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली आहेत म्हणून बोलते. बोट घातल्याने वर असलेली वस्तू खाली ढकलली जाते. दिसत असेल तरच चिमटीत धरून काढायची, आंधळेपणाने बोट फिरवायचं नाही. पाय धरून उलटं केलं तर बाळ हातातून निसटतं, मानेला हिसका बसतो आणि पाठीवर नेमकं मारताही येत नाही. मोठी झाली ती मुलं आपल्याला दिसतात. झाली नाहीत त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

आजीबाई_सत्तरीतल्या | १०:४५

हं. माझ्या धाकट्या जावेचं एक गेलं होतं. चिंचोका. कोणी बोलत नाही हे खरं आहे.

चकलीचा_साचा | १०:४७

🙏

बालडॉक | दुपारी २:३०

आधी 'ओळखायचं कसं' याबद्दल, कारण रानजाईने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य नकळत लिहून टाकलंय: 'आवाज नाही.'

बाळ खोकतंय, रडतंय, ओकारी काढतंय, तोंड लाल झालंय? म्हणजे हवा जातेय. अशा वेळी पाठीत मारू नका, पाणी पाजू नका. खोकू द्या आणि नजर ठेवा. घास नवा असला की बाळं खूप ओकाऱ्या काढतात, ते अडकणं नव्हे. खरं अडकलेलं बाळ गप्प असतं. रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ-जीभ निळसर होतात.

मग करायचं असं. आपण बसायचं. बाळ हाताच्या पुढच्या भागावर पालथं, हात मांडीवर टेकवलेला, बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांनी तोललेला, गळा दाबायचा नाही. दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच दणके. थापट्या नव्हेत, दणके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच दाब. परत पालथं, पाच. परत उताणं, पाच. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. वर्षाखालच्या बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही. यकृताला इजा होते. पोटावर दाब देण्याची पद्धत वर्षाच्या पुढच्यांसाठी आहे.

मध्येच बाळ लुळं पडलं, शुद्ध गेली, तर पाठीवरचे दणके थांबवून सीपीआर. कडक पृष्ठभागावर उताणं ठेवायचं, छाती साधारण ४ सेंमी खाली जाईल असे ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मग बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन दोन हलक्या फुंकरी. गालात मावेल एवढीच हवा. फुंकरीआधी तोंडात डोकवा, वस्तू दिसली तर काढा. फोन स्पीकरवर टाकून १०८ लावा आणि हात चालू ठेवा.

एडिसनकर | ५:५०

इथे न्यू जर्सीत मुलगा जन्मला तेव्हा आम्ही दोघांनी क्लास केला होता, रबरी बाहुलीवर. आम्हाला छातीवर दोन बोटांनी दाबायला शिकवलं होतं. डॉक्टर, तुम्ही कशाने दाबायचं ते लिहिलं नाहीत. दोन बोटंच ना?

बालडॉक | ६:२०

चांगलं पकडलंत. तुम्ही शिकलात तेव्हा तेच बरोबर होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नव्या सूचना काढल्या, त्यात बाळांसाठी दोन बोटांची पद्धत काढून टाकली, कारण त्याने पुरेसं खोल दाबलं जात नाही. आता एका तळहाताची टाच, किंवा दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठे. अडकलेली वस्तू काढतानाचे छातीवरचे दाबही तळहाताच्या टाचेनेच.

तिरकस | ६:३३

म्हणजे दर पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदलणार. आमच्या पाठ्यपुस्तक मंडळासारखं.

नर्सबाई_मिरज | ६:४१

दोन बोटांनी दाबलं म्हणून कोणी नापास करणार नाही हो. काहीच न करण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

बाबा_नवखा | रात्री ९:१५

घशाचं कळलं. मला आकडीबद्दल बोलायचंय. मुलगा १४ महिन्यांचा, मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी किंचित कोमट लागत होता, रात्री एकदम डोळे वर, हातपाय ताठ, मग झटके. तोंडातून फेस. मला वाटलं संपलं. माझ्या आईने कांदा फोडून नाकाला लावला, शेजारच्या काकांनी चप्पल आणली (खरंच, कोल्हापुरी, वापरलेली). दुसऱ्या कोणी तरी दातात चमचा घालायला धावलं. दोन-अडीच मिनिटांत थांबलं आणि तो झोपल्यासारखा पडून राहिला. काका आजही सांगतात, 'माझ्या चपलेने वाचला.'

पारवा७ | ९:२०

चप्पल जपून ठेवा. पेटंट घ्या.

बालडॉक | १०:१०

बाबा, तापातली आकडी ही सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरात दोन ते पाच मुलांना येते. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. म्हणूनच कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा सगळ्यांनाच यश येतं! शेवटी जे नाकाशी असेल त्याला श्रेय.

करायचं फार थोडं. बाळ जमिनीवर कुशीवर वळवा म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडेल. दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही नाही. घड्याळ बघा, कोणाला सुचत नाही ते, पण बघा. पाच मिनिटांवर गेली, थांबून लगेच परत आली, श्वास नीट वाटत नाही, थांबल्यावरही बाळ शुद्धीवर येत नाही, किंवा वय सहा महिन्यांच्या आत आहे, तर थेट इमर्जन्सी. पहिलीच आकडी असेल तर लवकर थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं, कारण मेंदूज्वर नाही याची खात्री करावी लागते. साधारण एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. तेव्हा डॉक्टर नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे घरी ठेवायला देऊ शकतात, त्याबद्दल विचारून घ्या.

मांडवीकाठ | १०:३५

अवांतर, पण आकडीवरून आठवलं. आमच्याकडे कापराची पुरचुंडी बाळाच्या दुपट्याला बांधायची पद्धत. माझ्या भाचीने कापराची वडी चघळली आणि अर्ध्या तासात झटके. कापूर पोटात गेला की आकडी येते हे त्या दिवशी पणजीच्या निम्म्या नातेवाइकांना कळलं. देवघर खाली असेल तर वर न्या.

नर्सबाई_मिरज | १०:५०

कापूर, रॉकेल, डांबरगोळ्या. रॉकेल प्यायलेल्या मुलाला मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावतात लोक. उलटीबरोबर ते फुफ्फुसात जातं आणि मग खरा घोळ. उलटी काढायची नाही, बाटली बरोबर घेऊन निघायचं. आणि खेळण्यातले, रिमोटमधले बटणासारखे सेल! अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत भाजायला लागतात. सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

चकलीचा_साचा | ११:०५

मी आत्ता उठून टीव्हीचा रिमोट, वजनकाटा आणि ती गाणं म्हणणारी राखी शोधून आले. राखी अजून सापडली नाही.

सातपुडा | मंगळवार, पहाटे ६:२०

मी धारणी भागात काम करते. इथे मोबाइलला रेंज नाही तिथली आई १०८ लावणार कशी, हा प्रश्न आधी येतो. महाराष्ट्रात १०८ सुरू झाली २०१४ला आणि तिने खूप जीव वाचवले, मी स्वतः दोन बाळंतपणं त्या गाडीत पाहिली आहेत. पण घाटात पावसाळ्यात ती पोहोचायला वेळ लागतो. म्हणून आमच्याकडे ओळखणं जास्त महत्त्वाचं; दोन मिनिटं नाही, अर्धा दिवस आधी ओळखावं लागतं.

तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, धाप लागली की इथे डंबा देतात, तापल्या विळ्याचे चटके पोटावर. मुलाला न्यूमोनिया असतो, त्यात भाजल्याच्या जखमा. आईला ओरडून उपयोग नसतो. ती बाळाला वाचवण्यासाठीच नेते भुमकाकडे, म्हणजे गावातल्या वैदूकडे.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात: दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. याचं मूळ गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना बाळ तपासायला शिकवलं आणि तिथला नवजात बालमृत्यूचा दर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलंय ते.

आम्ही आयांना पहिला प्रश्न विचारतो: 'अंगावर ओढतंय का?' कालपर्यंत चांगलं पिणारं महिन्याच्या आतलं बाळ आज पीत नाही, रडणं मंद झालंय, उचललं तर हातपाय लोंबतात, अंग थंड लागतंय. ताप नसला तरी हे जंतुसंसर्गाचं असू शकतं. शहरातल्या आया थर्मामीटर बघून 'ताप नाही' म्हणून थांबतात.

रानजाई | सकाळी ९:०५

सातपुडाताई, हे कुठेच वाचलं नव्हतं. थंड पडणं हेही लक्षण असतं?

बालडॉक | ९:४०

हो. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप असेल तर रात्री दोन वाजताही डॉक्टर. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि बाळ गार पडलं, पोट-छातीसुद्धा गार लागतेय, तरीही तितकंच तातडीचं. उराशी, त्वचेला त्वचा लावून गुंडाळून न्या. नुसते तळवे गार-निळसर असणं नवजात बाळात चालतं. ओठ आणि जीभ निळी चालत नाही. आपल्या रंगाच्या बाळांत गालावरून काही कळत नाही, जीभ बघायची.

पॅरासिटामॉलवरून एक. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या सिरपमध्ये २५०. 'मागच्या वेळी एक चमचा दिलं होतं' म्हणून थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर चौपट डोस जातो. बाटली बदलली की मात्रा परत विचारा.

गोदाकाठ | १०:१५

डॉक्टर, धाप कशी ओळखायची? आमच्या मराठवाड्यात 'डबा झालाय', 'पोट उडतंय' म्हणतात. पण बाळांचं पोट एरवीही उडतंच ना?

बालडॉक | १०:५५

उडतंच. म्हणून मोजायचं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर जलद. त्याबरोबर श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जातोय, नाकपुड्या फुलताहेत, दर श्वासाला कण्हतंय, तर मोजत बसू नका, निघा. तान्ही बाळं झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबवून परत घेतात, त्याला घाबरू नका. वीस सेकंद थांबला किंवा रंग बदलला तर मात्र दवाखाना.

बाबा_नवखा | ११:३०

आणि ते रडता रडता आवाज बंद, काळंनिळं, मग गपकन मान टाकणं? आमचा हट्ट केला की करतो. प्रत्येक वेळी आई देवाला नारळ बोलते.

बालडॉक | दुपारी १:५०

आधी रडला, मग श्वास कोंडला आणि मिनिटभरात परत आला, हा क्रम असेल तर ते बहुधा श्वास कोंडण्याचे झटके असतात. मोठं होताना जातात. पहिल्या वेळी मात्र दाखवा. रक्तातलं लोह तपासतात, कमी असेल तर औषधाने फरक पडतो. रडण्याशिवाय, खेळता खेळता किंवा झोपेत झालं तर ते वेगळं, त्याची तपासणी हवीच.

तिरकस | २:०५

नारळांची संख्या किती झाली? चटणीची पाकृ टाकतो.

आजीबाई_सत्तरीतल्या | ४:३०

तिरकस, तुला मुलं आहेत का रे?

तिरकस | ४:५२

आहे आज्जी, एक. तीन वर्षांचा. अकरा महिन्यांचा असताना न्हाणीघरातल्या बादलीत डोकं खाली गेलं होतं. वीतभर पाणी होतं. मी बाहेर फोनवर होतो. काही आवाज आला नाही, म्हणून तर आत गेलो. उचलला तेव्हा खोकला आणि रडला, एक दिवस दवाखान्यात ठेवला. विनोद करतो कारण बाकी काही लिहायला जमत नाही इथे.

आजीबाई_सत्तरीतल्या | ५:१०

बरं. कर बाबा विनोद.

नर्सबाई_मिरज | ५:४०

बादली रिकामी करून पालथी ठेवायची, हे सगळ्यांनी घरी करा. आणि मालिशवाल्या मावशींना नाकात तेल सोडू देऊ नका, तेल श्वासावाटे फुफ्फुसात जातं. वर्षाच्या आत मधही नको, बोटावर चाटवण्यापुरताही नको.

एडिसनकर | ७:२०

अजून एक घालतो. माझ्या बहिणीच्या मुलाला सात महिन्यांचा असताना अधूनमधून पोटात कळा यायच्या; पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, मग दहा-पंधरा मिनिटं एकदम गप्प, फिका. घरचे 'दात येताहेत' म्हणत राहिले. शीमध्ये लाल आव दिसली तेव्हा नेला. आतडं आतड्यात शिरलं होतं. वेळेत नेल्यामुळे हवेच्या दाबाने सुटलं, ऑपरेशन टळलं.

बालडॉक | ८:००

नेमकं. आणि तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर ती 'पित्त झालंय' म्हणून सोडायची नाही, त्याच तासात सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. आज रात्रीच ठरवून ठेवा की तुमच्या जवळचं लहान मुलांचा आयसीयू असलेलं, चोवीस तास उघडं हॉस्पिटल कुठलं. जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना एकच असेल असं नाही.

रानजाई | गुरुवार, रात्री १०:२५

उशीर झाला, सगळे प्रतिसाद तीन-तीनदा वाचले. सोमवारीच दाखवलं. डॉक्टरांनी छाती दोन्हीकडून ऐकली, एक्स-रे काढला, दोन दिवस निरीक्षणाला बोलावलं. खोकला नाही, श्वास सारखा आहे. भाच्याची आई म्हणते दाणा दिला तोच फाक होती, त्याला अख्खा कोणी देतच नाही. आठवडाभर लक्ष ठेवायला सांगितलंय.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे कोणी फारसं दिलं नाही, आजींच्या चिंचोक्याशिवाय. तोच प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. काल दुपारी बघते तर लेकीची कापडी बाहुली मांडीवर पालथी घेऊन बसल्या होत्या आणि सासऱ्यांना सांगत होत्या, 'अहो, पाणी पाजा पाणी पाजा ओरडायचं नसतं, १०८ लावायचा.' मग सासऱ्यांकडूनही करून घेतलं. त्यांचा दणका एवढा जोरात, की बाहुलीची शिवण उसवली.

पारवा७ | १०:३१

बाहुलीला टाके घातलेत का?

रानजाई | १०:३४

सासूबाईंनीच घातले. आता त्या विचारताहेत, तळहाताची टाच म्हणजे नेमका कुठला भाग? डॉक्टर, सोपं करून सांगाल का, मी फोन त्यांच्याकडे देते.

बालडॉक | १०:५०

काकू, नमस्कार. भाकरी थापून झाली की परातीला हात टेकून उठता ना? तेव्हा मनगटाच्या लगेच वरचा जो भाग टेकतो, तो.